पिवळ्या वायरीवरचं बोलणं

मुलाचा उजवा हात छातीपासून वर निघाला, हनुवटीपाशी आला आणि तिथंच थांबला. आम्हाला वाटलं, विचार करतोय. शलाका खुर्चीत पुढं सरकून बसलेली, तिच्या मागं मी, माझ्या मागं आमचे हे. मुलगा हलेना. पापणीसुद्धा लवेना. मग कॉम्प्युटरवर एक चौकोन उमटला आणि मुलगा गेला.

"तुटलं," हे म्हणाले.

"दिसतंय मला," मी म्हटलं.

शलाकानं परत जोडलं. मुलगा आला, हसला, हात वर केला, गेला. पुढच्या वेळी नुसतं कपाळ आलं. त्याच्या पुढच्या वेळी तेवढंही नाही. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आमच्याकडं फोन मीच उचलायची, दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. बडोद्याहून मुलाच्या आईचा होता.

त्या म्हणाल्या, "अहो वेळापुरेबाई, तुमची मुलगी सारखं बंद का करतेय? मनात नसेल तर सरळ सांगा. आमचा निनाद इथं हात वर करून बसलाय."

मी म्हटलं, मनात नसतं तर पहाटेपासून नटून बसली नसती, हे आमचं इंटरनेट कडमडलंय. त्यांना ते पटलं नाही. त्यांचं इंटरनेट व्यवस्थित होतं ना, मग आमचंच कसं बिघडतं, आणि तेही नेमकं आजच? पुढं त्यांनी हळूच सांगून टाकलं की सोलापूरचंही एक स्थळ आहे, मुलीला ऐकू येतं, आणि घरात एकाला तरी दारावरची बेल ऐकू यायला हवी, नाही का. पुढच्या रविवारी काय ते बोलणं झालं तर झालं, नाहीतर ते सोलापूरला होकार कळवणार होते.

ही दोन हजार सातची गोष्ट. कराडात आमचं बांगड्यांचं दुकान. जात कासाराची, धंदा कासाराचा, आणि हे म्हणतात, जीभही कासारणीचीच. तर त्यात खोटं काय? गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला की तोंड चालू ठेवावं लागतं. नाहीतर बाई हात आखडते आणि काच वाढते. काच फुटली असं आम्ही म्हणत नाही.

तर अशा माझ्या पोटी शलाका आली, आणि जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. पहिली दोन वर्षं मी रडले. मग म्हटलं, बोलायला एक तोंड पुरे आहे, माझं आहेच. डॉक्टरांशी मी बोलले, मास्तरांशी मी बोलले, बँकेत, एस.टी.त, नातेवाइकांत, सगळीकडं तिच्या वतीनं मीच. निवासी शाळेत राहून ती हातांची भाषा शिकून आली, तरी घरात आमच्या आमच्या खुणा होत्या, जेवण, पाणी, बाबा, दुकान, चिडू नको. 'चिडू नको' सगळ्यात जास्त वापरात. बाकीचं ती माझ्या ओठांवरून वाचायची आणि मी तिच्या तोंडावरून ओळखायची. मला वाटायचं, माझ्या लेकीच्या मनातलं जेवढं मला कळतं तेवढं ब्रह्मदेवालाही कळत नसेल.

त्या वेळी ती एका इंजिनिअरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची. निनाद कोळपकरचं स्थळ तिच्या शाळेतल्या बाईंनी सुचवलं होतं. बडोद्यात चार पिढ्या राहिलेली माणसं, आपल्यातलीच. मुलगा छापखान्यात, रंगाचं काम बघणारा. त्यालाही ऐकू येत नाही. आता मुलाचं नाव निनाद, पण बारशाच्या दिवशी कुणाला काय ठाऊक असतं. दोघं दोन महिने कॉम्प्युटरवर एकमेकांना लिहीत होती. आम्ही मोठ्यांनी फोनवर सगळं ठरवत आणलं होतं. तेवढ्यात आमच्या बाईसाहेबांनी अट घातली, आधी मी त्याच्याशी बोलणार.

"रोज तर बोलतेस," मी म्हटलं.

तिनं दोन बोटांनी टकटक केल्याचं दाखवलं आणि मान हलवली. ते लिहिणं. मग दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. हे बोलणं.

नेट कॅफेत जा म्हटलं तर तेही नको. आपण बोलतो तेव्हा लोक कान देतात, ती बोलते तेव्हा लोक येऊन उभे राहतात. तमाशा बघावा तसे बघतात. म्हणून घरी कॅमेरा आणला, आणि त्याचे हे असे धिंडवडे निघाले.

सोमवारी मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी सांगितलं, तुमची लाइन ओके आहे. मी म्हटलं, लाइन ओके असेल हो, आमचं लग्न ओके नाही. पलीकडची पोरगी बिचारी परत म्हणाली, लाइन ओके आहे. लाइनमन येऊन गेला. त्यानं आमचा फोन कानाला लावला, लाइन अगदी स्वच्छ असल्याचं जाहीर केलं आणि चहा पिऊन गेला. मोडेम तपासणारा माणूस वेगळा होता आणि तो पुढच्या सोमवारी मिळणार होता. हे म्हणाले, सोमवारपर्यंत थांबू. मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

शलाका मात्र मोडेमसमोर मांडी घालून बसली होती. मोडेम म्हणजे एक पांढरी डबी, तिच्या कपाळावर हिरवे दिवे. तिनं माझी मान धरून मला खाली बसवलं आणि दिवे दाखवले. कॅमेऱ्याची वायर काढली, सगळे दिवे जागेवर. कॅमेऱ्याची वायर लावली, कॅमेरा चालू केला. थोडा वेळ गेला आणि एकच दिवा विझला. फोनच्या लाइनचा दिवा तसाच, विझला तो कॉम्प्युटरकडं जाणाऱ्या वायरीचा. तिनं परत केलं, परत तोच विझला. फोन ठीक होता, मोडेमही ठीक होता. भांडण मोडेम आणि कॅमेरा यांचं होतं. दोघांच्या वायरी कॉम्प्युटरच्या मागं एकाच तऱ्हेच्या चपट्या भोकांत, एकाला एक लागून घातलेल्या. यूएसबी म्हणायची ती त्यांना. आमचा कॉम्प्युटर जुना, त्याला दोघांचं करणं जमत नव्हतं. एका गॅसवर दोन पातेली ठेवल्यासारखं चाललं होतं.

मग तिनं डबी उलटी केली. मागं आणखी एक भोक होतं, रुंद, चौकोनी, अजून प्लॅस्टिकची टोपी न काढलेलं. तिच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तसल्या रुंद भोकाच्या वायरींवर चालायचे. मोडेम त्या वायरीवर घेतला की कॅमेऱ्याला त्याची जागा मोकळी. बसवायला आलेल्या माणसानं ते केलं नव्हतं, कारण आमच्या कॉम्प्युटरला पलीकडं तसलं भोकच नव्हतं. ते वेगळं विकत मिळतं, एका कार्डावर, आणि कॉम्प्युटर उघडून आत बसवावं लागतं.

"आपण?" मी विचारलं.

तिनं आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग माझ्या.

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. शलाकानं काय हवं ते कागदावर लिहून दिलं, तर दुकानदार कागद वाचून मलाच सांगायला लागला. कार्ड असं असतं, वायर तशी असते, घरी उघडू नका, मोडेमच बदलून घ्या. मी म्हटलं, भाऊ, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिच्याकडं बघून बोला, तोंड नीट हलवा, तिला समजतं. मग तो तिच्याकडं वळला. दोघांनी बोटं दाखवून, माना हलवून सौदा केला. मी बाजूला उभी. मला सवय नव्हती त्याची, हात कुठं ठेवावेत कळेना.

शनिवारी दुपारी आम्ही कॉम्प्युटर जमिनीवर चादरीवर आडवा घातला. ह्यांनी आधी प्लग काढला, मग पुन्हा बघितलं काढलाय का, मग ते पेपर घेऊन गॅलरीत गेले. त्यांना ते बघवेना. शलाकानं स्क्रू काढले, कडेचा पत्रा सरकवला. आत धुळीचं घरटं. ते मी फडक्यानं पुसायला गेले तर तिनं हातावर चापट मारली आणि कोरड्या ब्रशनं हलकेच झाडलं. कार्ड एवढंसं, हिरवं, खाली पिवळ्या दातांची रांग. ती रांग एका लांबट खाचेत बसायला हवी होती. शलाकानं दाबलं, बसेना. आणखी दाबलं, तर खालची सगळी पाटी वाकायला लागली. तिनं हात काढून घेतले. कपाळाला घाम. मोडलं तर इंटरनेट गेलं, कॉम्प्युटर गेला, बडोदं गेलं, हे तिच्या तोंडावर मला स्वच्छ वाचता आलं.

मी म्हटलं, सरक.

घट्ट बांगडी चढवताना दाबायचं नसतं. आधी हात सैल पडू द्यायचा, मग अंगठ्यानं नुसता भार ठेवायचा. एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. बांगडी आपण चढवत नाही, ती चढते. मी एका हातानं खालची पाटी सावरली आणि दुसऱ्या अंगठ्याचा भार कार्डावर ठेवला. या टोकाला, त्या टोकाला. कार्ड बसलेलं मला आधी बोटाला कळलं. शलाकानं वाकून बघितलं, सगळे दात आत. तिनं माझा अंगठा धरून त्याची पापी घेतली.

पिवळी वायर मोडेमच्या रुंद भोकात, दुसरं टोक आमच्या नव्या भोकात. यूएसबीची जुनी वायर तिनं काढून गुंडाळून ठेवली. दिवा लागला. पण इंटरनेट येईना. नव्या वायरीवर कनेक्शन नव्यानं तयार करायचं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर नाव आणि पासवर्ड मागत होता. जुन्या ठिकाणी पासवर्डच्या जागी नुसते ठिपके. बसवणाऱ्यानं तो कुणाला सांगितला नव्हता, आम्हीही विचारला नव्हता.

आता इथं माझं काम आलं. फोन लावला. बरीच गाणी ऐकवून झाल्यावर एक मुलगा आला आणि म्हणाला, कनेक्शन मुरलीधर वेळापुरे यांच्या नावावर आहे, त्यांनाच द्या. मी गॅलरीत बघितलं, तर हे भाजी आणायला गेलेले. माझा आवाज मुळातच भरड, दुकानात ओरडून ओरडून आणखी भरडलेला. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "मुरलीधर वेळापुरे बोलतोय. आत्ता मघाशी आमच्या सौभाग्यवती होत्या. जरा फटकळ आहेत, मनावर घेऊ नका."

त्यानं जन्मतारीख विचारली. ती मी ह्यांच्याहून बिनचूक सांगते. पत्ता विचारला, सांगितला. पासवर्ड नवा करून त्यानं एकेक अक्षर सांगितलं आणि मी एकेक अक्षर ओठांनी शलाकाला दिलं. तिनं ते दाबलं. मग तिनं कॅमेरा लावला आणि आम्ही दोघी डबीकडं बघत बसलो. दिवा जाईना. चहा झाला, दिवा तसाच. हे भाजी घेऊन आले, दिवा तसाच. ह्यांनी विचारलं, कुणी केलं? मी म्हटलं, तुम्हीच केलंत, आत्ता फोनवर. ते अजून विचारतात मला, म्हणजे काय म्हणून.

रविवारी सकाळी मी शलाकाला पुन्हा तसंच नटवलं. मोरपंखी जरीचं पातळ, आणि हातभर हिरव्या बांगड्या. गेल्या रविवारी मीच चढवलेल्या होत्या, मनगटाला अगदी बसत्या, कोपराच्या दिशेनं दाट भरलेल्या. कासाराची मुलगी सासूसमोर बसणार म्हणजे हात कसे दिसले पाहिजेत. ती कॅमेऱ्यासमोर बसली, स्वतःचं चित्र बघितलं आणि मला हाक मारली. हाक म्हणजे जमिनीवर पाय आपटला. तिनं हात हलवून दाखवले. खरंच काही दिसत नव्हतं. जरी आणि काच यांची चकाकी कॅमेऱ्यात पांढरी फटक होत होती आणि तिची बोटं त्यात बुडत होती. ती उठली, आत गेली आणि निळा साधा कुर्ता घालून आली. भिंतीवरचा फुलांचा पडदा काढला. मग माझ्यासमोर बसून दोन्ही हात पुढं केले.

मला कळलं काय हवंय ते. मी नाही म्हटलं. मुलगी बघायच्या दिवशी मोकळे हात! मी आयुष्यभर बायकांचे हात भरले, मोकळे करायला माझ्याकडं कोण येतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, चार-चार ठेव. तिनं मान हलवली. दोन-दोन ठेव. नाही. ती स्वतः काढायला लागली असती तर नक्की वाढल्या असत्या, आणि ते मला त्या दिवशी बघवलं नसतं. तिचे हात तसेच पुढं होते आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मी मुकी होऊन बसू?" तिनं खुणेनं विचारलं. ओठांवर हात बांधल्यासारखा केला.

मी साबणाचं पाणी आणलं. एकेक बांगडी उतरवली. एकही वाढली नाही. सगळ्या दोऱ्यात ओवून देवापाशी ठेवल्या.

ठरल्या वेळी निनाद आला. मी आधी त्याचे हात बघितले, ती माझी सवयच. लांब बोटं, नखांत निळी शाई. शलाकानं हात वर केले. चित्र तुटलं नाही. सुरुवातीला दोघं अडखळत होती, कारण बडोद्याच्या काही खुणा वेगळ्या होत्या. एकानं खूण करायची, दुसऱ्यानं भुवया उडवायच्या, मग पहिल्यानं परत समजावून सांगायचं, मग हसायचं. आणि मग ती सुटली. माझी शलाका बोलायला लागली. हात, खांदे, भुवया, गाल, सगळं बोलत होतं. मी तिचे हात रोज बघत होते, पण एवढ्या वेगात कधी बघितले नव्हते. माझ्याशी बोलताना ती हळू बोलायची. मला कळावं म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. कोळपकरबाई.

"अहो, मुलीचे हात मोकळे का?"

"बोलायला बसलीय ती," मी म्हटलं.

त्याही तिकडं मुलाच्या मागं उभ्या होत्या. मला पडद्यावर त्यांची काठापदराची साडी आणि कानाला लावलेला फोन दिसत होता. थोड्या वेळानं त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय म्हणतेय हो ती?"

मी शलाकाकडं बघितलं. तिनं काहीतरी विचारलं होतं आणि निनादचं तोंड गंभीर झालं होतं. त्यानं लांबलचक उत्तर दिलं. तिनं त्यातलं एक काहीतरी पकडून परत विचारलं. तो हरला, हसला, कान धरले. मला एक अक्षर कळलं नव्हतं. माझ्या लेकीच्या बोलण्यातलं, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एक अक्षर.

"मला नाही कळत," मी म्हटलं. "तुम्हाला कळतंय?"

"छे हो," त्या म्हणाल्या. "हा एवढा बोलतो?"

आम्ही दोघी फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिलो, त्या दोघांचे हात बघत. मग शलाकानं मान वळवली. माझ्याकडं बघितलं आणि दाराकडं बोट केलं. मला वाटलं पाणी हवंय. तिनं मान हलवली. तू. बाहेर.

मी फोन ठेवला आणि बाहेर गेले. तिनं उठून दार लावून घेतलं. सोप्यात हे बसले होते, म्हणाले काय झालं. मी म्हटलं, मला हाकललं. आणि मला रडूच आलं. ह्यांना वाटलं मोडलं सगळं. मी डोळे पुसत सांगितलं, अहो, हसा जरा, तुमच्या मुलीला खाजगी बोलायचंय. आजवर तिचं खाजगी असं काही मी राहूच दिलं नव्हतं, कारण मी नसले तर ती बोलणार कुणाशी? आता दार लावून घेण्याइतकं बोलणं तिच्याकडं होतं. अभिमानानं माझा ऊर असा भरून आला होता की चोळी उसवते की काय.

जेवणाची वेळ टळली. आमटी दोनदा गरम केली. मग दार उघडलं. शलाकाचे हात खाली लोंबत होते, दमलेले, आणि तोंड लाल. मी तिच्या तोंडावरून ओळखायला गेले. नेहमी ओळखते ना. काही ओळखता आलं नाही.

"त्यांना काय कळवू?" मी विचारलं. हात फोनवर गेलाच होता.

तिनं माझा हात फोनवरून काढून खाली ठेवला.

"काही नको. मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

ती आधी पाणी प्यायली. मग मला कळेल अशा हळू खुणांनी म्हणाली, "हो म्हटलं. नोकरी मी सोडणार नाही, तेही म्हटलं. आणि दारावर बेलऐवजी दिवा लावायचा. तो लावणार आहे."

फोन पुन्हा वाजला. मी उचलला.

कोळपकरबाई धापा टाकत होत्या. "अहो, हा काही धड सांगत नाही, नुसता हसतोय. तुमची मुलगी काय म्हणाली? तुम्ही तरी सांगा."

सगळं माझ्या ओठांवर होतं. कराड ते बडोदा ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगता आलं असतं.

"तिनं सांगितलंय त्याला," मी म्हटलं. "त्यालाच विचारा."